दोघंच, ताडोब्याला

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर उभं राहिलं की पुणेकरांची सुट्टी कशी असते ते एका नजरेत कळतं. पाण्याच्या कडेने लागलेली गाड्यांची रांग, निखाऱ्यांवर तडतडणारी कणसं, त्यांवर तिखटमीठ लावलेलं लिंबू फिरवणारे हात, कांदाभज्यांचा वास आणि समोर पाण्यावर उतरलेलं ऊन. हे धरण 1879 साली पूर्ण झालं. इंग्रज त्याच्या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात ते फुटलं, पुन्हा बांधलं गेलं, आणि त्याच्या काठावर कणीस खात पुढचे बेत आखण्याचा जोडप्यांचा रिवाज काही मोडला नाही.

बेत मात्र बदलले. धरणाच्या खालच्या अंगाला किरकटवाडी, नांदेड, धायरी इथं आता इमारतीला इमारत लागली आहे. त्यांतल्या कितीतरी घरांत दोघंही नोकरीला जातात, एक हिंजवडीला तर एक खराडीला. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत रोजचे दोन-तीन तास जातात आणि रात्री जेवताना दोघांचेही डोळे आपापल्या फोनवर असतात. अशा घरात लग्नाचा वाढदिवस जवळ आला की ‘या वेळी दोघंच कुठेतरी जाऊ’ असं कुणीतरी म्हणतं. महाबळेश्वर झालेलं असतं, कोकण झालेलं असतं. मग नाव निघतं ताडोब्याचं.

तिथून पुढची चूक जवळजवळ सगळे जण एकाच क्रमाने करतात. आधी रजा टाकतात, मग रेल्वेची तिकिटं काढतात, मग चांगलं रिसॉर्ट शोधून पैसे भरतात आणि सगळ्यात शेवटी सफारीचं बुकिंग करायला बसतात. तेव्हा कळतं, हव्या त्या तारखेला जंगलात जायला गाडीच शिल्लक नाही. ताडोब्याचा बेत उलट्या टोकाने आखायचा असतो. आधी सफारीचा परवाना, मग त्या परवान्यावर जे प्रवेशद्वार लिहिलं असेल त्याच्या जवळची खोली, मग गाडी आणि सगळ्यात शेवटी रजेचा अर्ज.

असं का, हे समजायला ताडोबा म्हणजे नेमकं काय ते थोडं पाहावं लागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या जंगलात शिकारीला 1935 सालीच बंदी झाली. 1955 मध्ये त्यातलं सुमारे 116 चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. 1986 मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य झालं आणि दोन्ही मिळून 1995 च्या सुमारास ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. आज त्याचा गाभा, ज्याला तिथले सगळे ‘कोअर’ म्हणतात, सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याभोवतीचा ‘बफर’ अकराशेच्या. कोअरमध्ये जंगलाचा हक्क पहिला. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत आणि वाघही आहेत.

2012 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन तात्पुरतं बंद केलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण नियमांच्या चौकटीत. गाभ्याचा किती भाग पर्यटकांना खुला ठेवायचा आणि किती गाड्या आत सोडायच्या, हे तेव्हापासून मोजून-मापून ठरतं. म्हणजे जागा मर्यादित राहणं हा व्यवस्थेचा दोष नाही. त्या मर्यादेमुळेच आत गेल्यावर जंगल जंगलासारखं वाटतं. पुण्यातल्या जोडप्याने हे एकदा मनाशी पक्कं केलं की महिनोन् महिने आधी बुकिंग करण्याचा वैताग वाटत नाही.

बुकिंग वनविभागाच्या ‘माय ताडोबा’ या अधिकृत संकेतस्थळावरून होतं. प्रत्येक पर्यटकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक तिथं भरावा लागतो आणि तेच मूळ ओळखपत्र प्रवेशद्वारावर दाखवावं लागतं. आधार कार्डावर माहेरचं नाव आणि बुकिंगमध्ये सासरचं, असा घोळ नवविवाहित जोडप्यांकडून सहज होतो. पहाटे साडेपाचला थंडीत कुडकुडत तो निस्तरत बसण्यापेक्षा घरीच दोन्ही नावं ताडून पाहावीत. कोअर दर मंगळवारी बंद असतो. शनिवार-रविवारचे दर इतर दिवसांपेक्षा जास्त असतात. ज्यांना रजा मिळू शकते त्यांनी बुधवार ते शुक्रवार जावं: पैसेही वाचतात आणि गर्दीही कमी लागते.

दोघांच्या सहलीत खर्चाचा खरा प्रश्न जिप्सीचा. ताडोब्यात उघडी जिप्सी सहा पर्यटकांसाठी असते, सोबत चालक आणि गाईड. ती अख्खी बुक होते. आत दोघं बसले काय आणि सहा बसले काय, आकार तोच. त्यामुळे अनेक जोडपी ओळखीच्या दुसऱ्या जोडप्याला गाठून खर्च वाटून घेतात. हा मार्ग चांगला आहे, पण सोबत कोण आहे ते पाहून. मोठ्या लेन्सा घेऊन आलेला छायाचित्रकार एका पाणवठ्यावर तीन तास थांबायला तयार असतो, लहान मुलं असलेल्या कुटुंबाला अर्ध्या तासात कंटाळा येतो. तीन सफारी करायच्या असतील तर दोन वाटून घ्याव्यात आणि एक तरी दोघांनीच घ्यावी. त्या एका सकाळसाठी जास्त पैसे मोजणं परवडतं, कारण एरवी पुण्यात इतका सलग, विनाव्यत्यय वेळ एकमेकांच्या शेजारी बसायला मिळतच नाही.

कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. तो प्रवेशद्वारापाशी किंवा मुक्कामी ठेवून जावं लागतं. पहिल्या दहा मिनिटांत हात सारखा खिशाकडे जातो. मग जात नाही.

आता ऋतू. जंगल वर्षातून चार वेळा कपडे बदलतं आणि जोडप्याने आपल्याला कोणतं रूप पाहायचंय ते आधी ठरवावं. कोअर 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. बफरची काही प्रवेशद्वारं पावसाळ्यातही चालू राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पुरुषभर वाढलेलं असतं, रान हिरवंगार, तळी तुडुंब, फुलपाखरं भरपूर. वाघ दहा फुटांवरून गेला तरी कळणार नाही अशी ती दाटी असते. डिसेंबर-जानेवारीत पहाट बोचरी असते. उघड्या जिप्सीत वारा अंगावर घेत बसायचं म्हणजे कानटोपी, हातमोजे आणि रिसॉर्टवाल्याकडून मागून घेतलेली घोंगडी हवीच. पुण्याच्या थंडीचा अंदाज इथं चालत नाही.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पळस फुलतो. सागाची पानं गळून गेलेली, बांबू पिवळा पडलेला आणि त्या राखाडी रानात मधूनच एखादं झाड केशरी पेटलेलं. मार्चमध्ये मोहाची फुलं गळायला लागतात. त्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास गाडीतसुद्धा जाणवतो आणि ती खायला अस्वलं येतात. एप्रिल-मे हा वाघ दिसण्याचा हंगाम. पाणी आटतं, उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर सगळ्या जनावरांना यावंच लागतं. पण चंद्रपूरचा उन्हाळा पुणेकरांनी हसण्यावारी नेऊ नये. पारा 45 अंशांवर जाणं तिथं मे महिन्यात नवलाचं नाही, 48 अंशांचीही नोंद आहे. दुपारची सफारी तीनच्या आसपास सुरू होते तेव्हा जिप्सीची लोखंडी दांडी हाताला चटका देते. डोक्याला ओला पंचा, स्टीलच्या दोन बाटल्या पाणी, मीठ-साखर-लिंबू आणि फिक्या मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, एवढं हवंच. पहिल्यांदाच जाणाऱ्या जोडप्याला एकच पंधरवडा सुचवायचा झाला तर फेब्रुवारी संपता संपताचा. सकाळ थंड, दुपार सोसवणारी, रान उघडं आणि पळस फुललेला.

मग प्रवेशद्वाराची निवड. कोअरची मुख्य प्रवेशद्वारं सहा: मोहर्ली, खुटवंडा, झरी, कोलारा, नवेगाव आणि पांगडी. नकाशावर ती एकाच जंगलाची दारं दिसतात, पण बाहेरून एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जायचं तर मोठा वळसा पडतो. म्हणून खोली मोहर्लीला आणि परवाना कोलाऱ्याचा, असं झालं की पहाटेची झोप तर जातेच, सफारीही हुकू शकते. मोहर्ली चंद्रपूरकडून जवळ, साधारण तीस किलोमीटर. तिथं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे, इरई धरणाचं पाणी जवळ आहे, वस्तीही मोठी आहे. कोलारा आणि नवेगाव नागपूरकडून उमरेड, भिवापूर, चिमूर या रस्त्याने जवळ. पुण्याहून नागपूरला उतरणाऱ्यांना कोलारा सोयीचं, थेट चंद्रपूरला उतरणाऱ्यांना मोहर्ली.

जायचं कसं? खडकवासल्याहून पुणे स्टेशनपर्यंत पोचायलाच एक तास धरावा, संध्याकाळी दीड. 10 ऑगस्ट 2025 पासून पुणे आणि नागपूरच्या अजनी स्थानकादरम्यान वंदे भारत धावते. 881 किलोमीटर, बारा तास. सकाळी निघून संध्याकाळी पोचवते, म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत जातो. छोट्या सहलीला रात्रीची गाडी बरी. आझाद हिंद किंवा नागपूरच्या इतर रातगाड्या संध्याकाळी-रात्री पुणं सोडतात आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला पोचवतात. विमान दीड तासात नेतं. महागडं, पण ज्यांच्याकडे तीनच दिवस आहेत त्यांना तोच पर्याय. स्वतःची गाडी काढायची तर अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर करत समृद्धी महामार्गाला लागता येतं. 701 किलोमीटरचा हा महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते आणि दोघांपैकी एकालाच चालवता येत असेल तर हा विचार सोडून द्यावा. सहलीचा पहिला आणि शेवटचा दिवस दमणुकीत घालवण्यात हशील नाही.

समजा, किरकटवाडीतलं एक जोडपं गुरुवारी संध्याकाळी निघालं. शुक्रवारी सकाळी नागपूर. तिथं स्टेशनबाहेर तर्री पोहे खायचे. पुण्याच्या पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर असते, इथं वरून हरभऱ्याची झणझणीत तर्री. मग भाड्याच्या गाडीने दुपारपर्यंत कोलारा. शुक्रवारी दुपारची सफारी बुक करण्याचा मोह होतो, तो टाळावा. रेल्वे दोन तास उशिरा आली की सफारीचे पैसे गेले. त्या दुपारी झोप काढावी, संध्याकाळी गावात पायी फिरावं. शनिवारी सकाळी कोअर, शनिवारी दुपारी बफर, रविवारी सकाळी पुन्हा कोअर. रविवारी दुपारी परत नागपूर, रात्रीची गाडी, सोमवारी पुणं. दोन मुक्काम, तीन सफारी. यापेक्षा कमी सफारी केल्या तर जंगल नीट उमगत नाही आणि दोन दिवसांत चार केल्या तर शरीर कुरकुरतं. बफरला कमी लेखू नये, तिथं वाघ भरपूर दिसतात आणि माणूस-जनावर शेजारी कसे राहतात तेही तिथंच कळतं.

पहिल्या सकाळी काय होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. उजाडायच्या आत जिप्स्या रांगेत लागतात. हेडलाइटच्या उजेडात धुरळा आणि माणसांच्या तोंडातून निघणारी वाफ. वनमजूर यादी हातात घेऊन एकेक नाव तपासतो. गाईड येऊन पुढे बसतो. हा गाईड जवळच्याच गावचा असतो. मोहर्लीसारख्या प्रवेशद्वारांवर गावातल्या महिलाही हे काम करतात. ‘ताई, भाऊ, खाली उतरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही’ एवढं सांगून होतं तोवर दार उघडतं.

आत गेल्यावर गाडी पाच मिनिटं चालते आणि थांबते. चालक इंजिन बंद करतो. गाईड एक हात वर करतो. कुणी बोलत नाही. लांब कुठेतरी सांबर ओरडलं, जाड, कोरडं, एकच ‘ढाँक’. मग शांतता. मग झाडावरच्या वानराची खरखरीत खेकार. चितळाचं ओरडणं ऐकू आलं तर गाईड फारसा हलत नाही, चितळ उगाचही घाबरतं. सांबर मात्र सहसा खोटं ओरडत नाही. ‘कॉल चालू आहे,’ गाईड पुटपुटतो. गाडीतली दोघं नकळत एकाच दिशेला वळून बसलेली असतात, श्वास रोखून. असं कितीतरी वेळा होतं आणि वाघ येत नाही. आला नाही तरी कान जागे झालेले असतात. त्यानंतर सुतारपक्ष्याची टकटक ऐकू येते, वाळक्या पानावरून गेलेला सरडासुद्धा ऐकू येतो.

वाघ दिसतोच असं नाही, आणि दिसण्याची शक्यता इथं कमीही नाही. 2022 च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत या प्रकल्पात 97 वाघ मोजले गेले, महाराष्ट्रात 444. चार वर्षांपूर्वी राज्याचा आकडा 312 होता. पण 97 वाघ सतराशे चौरस किलोमीटरांत असतात आणि दिवसाचा बराच वेळ ते झोपलेले असतात. केवळ वाघासाठी गेलेलं जोडपं तीन सफारींत वाघ न दिसल्यास परतीच्या गाडीत एकमेकांशी धड बोलत नाही, हे दृश्य नागपूर स्टेशनवर नवं नाही. कोळसुनांची टोळी, पाण्यात डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून पडलेली ताडोबा तलावातली मगर, पोटरीपर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय असलेला गवा, पिल्लाला पाठीवर घेऊन रस्ता ओलांडणारी अस्वलीण, सालं सोलून पांढरा-गुलाबी उभा राहिलेला कुलू, ज्याला गाईड ‘भुताचं झाड’ म्हणून दाखवतात... यांतलं काहीही पुण्यात दिसत नाही.

निघण्याआधी महिनाभर मारुती चितमपल्ली वाचावेत, दोघांनी मिळून. सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्याच्या नोकरीत विदर्भाच्या रानात रमला आणि पक्षी, प्राणी, झाडं यांची आदिवासी आणि बोलीतली कितीतरी नावं त्यांनी मराठीत आणली. 18 जून 2025 रोजी ते गेले. त्यांची पुस्तकं वाचून गेलेल्याला जंगलात परकं वाटत नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ही सोबत असू द्यावं; दुपारी एक पान याने वाचावं, एक तिने.

ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू. तो गोंडांचा गावप्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मारला गेला, अशी कथा आहे. तलावाच्या काठी एका झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौष महिन्यात आदिवासी तिथं जत्रेला येतात. मोहर्लीहून ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळात त्यांवरून दोर नेऊन घंटा वाजवत आणि निरोप चंद्रपूरपर्यंत पोचवत, असं गाईड सांगतात. जंगल म्हणजे माणसाविना असलेली जागा, ही शहरी समजूत इथं गळून पडते. कोअरमधल्या नवेगाव, जामणी, कोळसा, बोटेझरी यांसारख्या गावांतल्या माणसांनी घरदार हलवून बाहेर वसाहती केल्या. ज्या गवताळ माळावर आज चितळांचे कळप चरताना दिसतात, तिथं कुणाची तरी शेतं होती. गाईडला विचारलं तर तो सांगतो, कधीकधी स्वतःच्या आजोबांचीच.

या जंगलात कामाला जाणाऱ्यांचाही विचार सोबत असावा. 20 नोव्हेंबर 2021 रोजी कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी पायी निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीने हल्ला केला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. आपण ज्या गणनेचे आकडे कौतुकाने सांगतो, ते अशा पायांनी मोजलेले असतात. बफरच्या गावांत मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला पहाटे रानात शिरणाऱ्या बाया-माणसांना तर जिप्सीची भिंतही नसते. म्हणून गाईडशी घासाघीस करू नये. सफारी आवडली तर गाईड आणि चालक दोघांच्याही हातावर काहीतरी ठेवावं, वाघ दिसला म्हणून आणि नाही दिसला तरीही.

आणि वाघ दिसला, तर? कोलाऱ्याला जाताना ज्या उमरेडवरून रस्ता जातो, त्याच्या परिसरातल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 31 डिसेंबर 2024 रोजी एक प्रसंग घडला. गोठणगाव भागात एफ-2 नावाची वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी त्यांची वाट अडवली. चित्रफीत पसरली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दोष फक्त चालकांचा नव्हता. मागच्या बाकावरून ‘भाऊ, अजून थोडी पुढे घ्या ना’ म्हणणारे प्रवासी असतात म्हणून गाड्या पुढे जातात. त्या दिवशी गाड्यांत वर्षाखेर साजरी करायला आलेली जोडपीही असतीलच. ‘राहू द्या भाऊ, इथूनच दिसतंय’ हे एवढं वाक्य जिच्या तोंडून येतं ती जिप्सी जंगलात चांगली पाहुणी ठरते. चालक सांगितलेलं ऐकतो. त्याला बक्षिसाची काळजी असते, आणि ती काळजी दूर करणं प्रवाशाच्या हातात असतं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. विदर्भात जेवण तिखट असतं आणि सावजी म्हणाल तर अतितिखट. सफारीच्या आदल्या रात्री सावजी मटण खाऊ नये, पहाटे चार तास जिप्सीत बसायचं असतं आणि आत ठरलेल्या एक-दोन ठिकाणीच उतरता येतं. वडा-भात जरूर खावा, वर फोडणीचं गरम तेल घालून. आणि कुणी ‘सांबारवडी’ पुढे केली तर दचकू नये. वैदर्भी बोलीत सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबर हे रानातलं, ते वेगळं.

मोहर्लीकडून परतणाऱ्यांनी नागपूर रस्त्यावर वरोऱ्याला थांबावं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी कुष्ठरुग्णांसोबत उभं केलेलं आनंदवन तिथं आहे. दोन तास पुरतात. ओसाड जमिनीवर दोघांनी मिळून काय उभं करता येतं ते पाहायला एखाद्या जोडप्याला याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

एवढं करूनही रजा जमली नाही, पैसे जमले नाहीत किंवा आठशे किलोमीटर दूर वाटले तर काय? खडकवासल्याहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आणखी एक राष्ट्रीय उद्यान आहे, चांदोली. कराडवरून शिराळ्याकडे वळायचं, वारणेच्या काठाने वर जायचं. सकाळी निघालेलं जोडपं दुपारच्या जेवणाला तिथं असतं. वारणा धरणाचा जलाशय आणि त्याभोवतीचं सदाहरित, निमसदाहरित रान मिळून हे 317 चौरस किलोमीटरचं उद्यान 2004 मध्ये जाहीर झालं. 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश आहे. इथं ताडोब्यासारखी वाघाची हमी कुणी देत नाही. गवे दिसतात, धनेश दिसतो, शेकरू दिसतं, घाटमाथ्यावरचे सडे दिसतात. गर्दी फार कमी.

आणि आता ताडोबा आणि चांदोली यांच्यात एक नातंही तयार झालं आहे. सह्याद्रीत काही वर्षांपासून मोजके नर वाघ वावरत होते, मादी नव्हती. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्यातली एक तरुण वाघीण पकडून, रस्त्याने महाराष्ट्र आडवा ओलांडून चांदोलीत आणली गेली. ज्या प्रवासाचा बेत खडकवासल्यातलं जोडपं कणीस खाता खाता करत होतं, तो तिने उलट दिशेने केला. ती तिथं रुळावी, तिचं कुटुंब वाढावं, यासाठी वनविभागाची माणसं तिच्या मागावर दिवसरात्र आहेत. पावसाळा संपून चांदोलीचं दार उघडलं की एक शनिवार-रविवार तिकडे जाऊन या. ती दिसणार नाही असं धरूनच जा, आणि गाडीचा हॉर्न वाजवू नका.